वेगाचा हिशेब : प्रस्तावना

२९ डिसेंबर २०१७ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भ आणि दिल्ली यांच्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला. विदर्भाच्या अकरा जणांत अकोल्याचा आदित्य ठाकरे हा तरुण वेगवान गोलंदाज होता. प्रथम श्रेणीतला त्याचा हा पहिलाच सामना, आणि तोच अंतिम सामना. विदर्भाने तो जिंकला. जानेवारीत न्यूझीलंडमध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात भारताचा वेगवान गोलंदाज इशान पोरेल जायबंदी झाला. त्याच्यासाठी राखीव म्हणून आदित्यला बोलावणे गेले. पुढे इशान बरा झाला, उपांत्य सामन्यात त्याने पाकिस्तानचे ४ बळी १७ धावांत घेतले आणि भारताने तो विश्वचषक जिंकला.

वेगवान गोलंदाजांचे जग कसे चालते, ते या दोन-तीन आठवड्यांत दिसते. एकाचा पाय दुखावतो आणि हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्याच्या घरी फोन वाजतो. फलंदाजाला संधी मिळते ती बहुधा दुसऱ्याचा फॉर्म गेल्यावर. फास्टरला मात्र ती दुसऱ्याच्या दुखापतीतून मिळते, आणि त्याची स्वतःची जागाही बहुतेक वेळा दुखापतीनेच जाते. तरीही आपण त्याची कारकीर्द बळींच्या आकड्यांनी सांगतो. मधली रिकामी वर्षे 'दुखापतीमुळे बाहेर' अशा एका ओळीत संपवतो. त्या ओळीत काय काय घडते, त्याच्या शरीरात, त्याच्या घरात, त्याच्या गावच्या मैदानावर, हे नीट सांगावे म्हणून हे पुस्तक आहे.

पुस्तकाचा मुक्काम वऱ्हाडात आहे. मुख्यतः अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत. क्रिकेटच्या नकाशावर विदर्भ म्हटले की नजर नागपूरवर आणि तिथल्या जामठ्याच्या स्टेडियमवर जाते. पण विदर्भाच्या संघात पश्चिमेकडच्या जिल्ह्यांची मुले आता सातत्याने दिसतात. विदर्भाकडून खेळलेला यष्टिरक्षक जितेश शर्मा अमरावतीचा, डावखुरा फलंदाज अथर्व तायडे अकोल्याचा, महिला क्रिकेटमधली दिशा कासट अमरावतीची. अकोला मुंबई-हावडा लोहमार्गावर असले, तरी नागपूर तिथून सुमारे अडीचशे किलोमीटर. अमरावतीहून दीडशेच्या आसपास, आणि गाडी बहुधा बडनेऱ्याहून धरावी लागते. निवड चाचणी, सामने, चांगला फिजिओ, एमआरआय नीट वाचणारा क्रीडावैद्यक, या सगळ्यांसाठी हे अंतर कापावे लागते. फलंदाजाला ते गैरसोयीचे असते. दुखऱ्या पाठीच्या गोलंदाजासाठी ते उपचाराआड येते.

शरीर घडवण्याची परंपरा या भागाला नवी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. वैद्य बंधूंनी उभारलेल्या या संस्थेचे पथक १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला गेले होते. मल्लखांब, कुस्ती, लाठी यांवर वाढलेल्या या गावाला अंगमेहनत आणि विश्रांती यांचे नाते ठाऊक होते. आखाड्यातला वस्ताद पोराच्या जोर-बैठका मोजून घेत असे. खुराक आणि झोप विचारत असे. क्रिकेटच्या मैदानावर ही मोजणी कुठे हरवली, हा प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

क्रिकेटचा इतिहासही इथे जुना आहे. १९३४-३५ साली रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' हा संघ तिच्यात होता. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म नागपूरचा. विदर्भ या नावाने संघ १९५७-५८ पासून खेळू लागला, आणि पहिल्या विजेतेपदासाठी त्याला साठ वर्षे थांबावे लागले. दरम्यानच्या काळात विदर्भाची ओळख प्रामुख्याने फिरकीची होती. नागपूरच्या प्रशांत वैद्य यांनी १९९०च्या दशकात वेगवान गोलंदाज म्हणून भारताकडून एकदिवसीय सामने खेळले, तेव्हा ते इथल्या लोकांना अपवाद वाटले होते.

२०१७-१८ने हे चित्र पालटले. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, गोलंदाजीचे प्रशिक्षक सुब्रतो बॅनर्जी आणि कर्णधार फैज फजल यांच्या त्या संघाला वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानीने अक्षरशः ओढून नेले. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या या मुलाने कोलकात्यातल्या उपांत्य सामन्यात बलाढ्य कर्नाटकाचे १२ बळी घेतले; तो सामना विदर्भाने अवघ्या ५ धावांनी जिंकला. अंतिम सामन्यात त्याने हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम फेरीत अशी कामगिरी त्याआधी एकदाच, १९७२-७३ साली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी केली होती. पुढच्याच हंगामात वायनाडच्या कृष्णगिरी मैदानावर उमेश यादवने केरळचे १२ बळी ७९ धावांत घेतले आणि विदर्भाने करंडक राखला. २०२४-२५ साली तिसरा करंडक आला. त्या वर्षीचा नायक हर्ष दुबे हा फिरकीपटू होता, पण दुसऱ्या टोकाला नवा चेंडू घेऊन धावणारे यश ठाकूर, दर्शन नळकांडे, नचिकेत भुते असे चेहरे आता कुणाला अपवाद वाटत नव्हते.

हे बळ भारताच्या आणि महाराष्ट्राच्या मोठ्या गोष्टीचा भाग आहे. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा मोहम्मद निसार आणि अमरसिंग ही जोडी खरोखर वेगवान होती. नंतर मात्र हा झरा आटला. कोल्हापूरचे दत्तू फडकर स्विंगवर उभे राहिले. मुंबईचे रमाकांत देसाई ठेंगण्या अंगाने, संथ खेळपट्ट्यांवर, समोरच्या टोकाला साथ नसताना धावत राहिले आणि २८ कसोटींत ७४ बळी घेऊन थांबले. १९७०च्या दशकात महाराष्ट्राचे पांडुरंग साळगावकर देशातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजांत गणले जात. प्रथम श्रेणीत २००च्या वर बळी घेऊनही त्यांना कसोटी खेळायला मिळाली नाही. त्या काळच्या भारतीय संघात नव्या चेंडूचे काम चेंडूची चकाकी घालवण्यापुरते उरले होते. १९७८मध्ये कपिलदेव आले आणि फास्टर व्हावे असे मुलांना वाटू लागले. १९८७मध्ये चेन्नईत एमआरएफ पेस फाउंडेशन उभे राहिले आणि डेनिस लिली यांच्यासारखा गुरू तिथे आला.

लिलींचे तिथे असणे महत्त्वाचे, कारण दुखापतीकडे पाहण्याची आधुनिक दृष्टी त्यांच्याच पाठीतून सुरू होते. १९७३च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात त्यांच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर निघाले. त्या काळी याचा अर्थ कारकीर्द संपली असा होत असे. पर्थच्या विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या मदतीने त्यांनी शरीर नव्याने बांधले, शैली दुरुस्त केली, आणि १९७४-७५ मध्ये ते परतले. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ३५५ कसोटी बळी होते. ज्याची पाठ एकदा मोडली होती, त्याच्याच हातात भारताने आपली पोरे दिली, हा आपल्या क्रिकेटने घेतलेला फार शहाणा निर्णय होता.

नवख्या वाचकासाठी इथे शरीराचे गणित थोडक्यात मांडायला हवे. उजव्या हाताचा फास्टर पूर्ण वेगाने धावत येतो आणि चेंडू सोडण्याआधी डावा पाय क्रीजवर आपटतो. त्या क्षणी जमिनीकडून उलट येणारा दाब त्याच्या वजनाच्या पाच ते सात पट असू शकतो. हा दाब घोटा, गुडघा, मांडी, कंबर असा वर चढतो, आणि नेमक्या त्याच वेळी पाठ मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. कमरेच्या खालच्या मणक्यांच्या मागच्या कमानीत एक चिंचोळे हाड असते. वारंवारच्या या पिळाने त्यात आधी सूज येते, मग बारीक तडा जातो. उजव्या हाताच्या गोलंदाजाला तो बहुधा डाव्या बाजूला जातो. हे हाड पूर्ण पक्के व्हायला विशी उलटावी लागते. म्हणजे ज्या वयात मुलगा सर्वाधिक सामने खेळतो, त्याच वयात त्याची पाठ सर्वांत कच्ची असते. एक्स-रेमध्ये सुरुवातीचा तडा बहुतेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये सूजही दिसते. सूज असतानाच थांबले तर हाड सांधते. थांबले नाही, तर आठवड्यांचे काम महिन्यांवर आणि महिन्यांचे वर्षावर जाते.

चेंडू फेकणाऱ्या शरीराची दुसरी मोठी शाळा म्हणजे अमेरिकेचा बेसबॉल, आणि तिथला पिचर हा आपल्या फास्टरचा दूरचा भाऊ. पिचर धावत येत नाही, उंचवट्यावर उभा राहून फेकतो. पण कोपर मुडपून झटक्याने सरळ करायला त्याला मुभा आहे. क्रिकेटमध्ये कोपर १५ अंशांपलीकडे सरळ करता येत नाही. त्यामुळे आपल्याकडचा भार पाठीवर जातो, तिकडचा कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर. १९७४मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याचा तो अस्थिबंध तुटला. डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. १९७६मध्ये तो परतला, १९८९पर्यंत खेळला, आणि एकूण २८८ विजयांपैकी १६४ त्याने या शस्त्रक्रियेनंतर मिळवले. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. पण बेसबॉलने त्याहून मोठा धडा घेतला तो मोजणीचा. तिथे १३-१४ वर्षांच्या मुलाने दिवसात ९५पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत आणि किती चेंडूंनंतर किती दिवस विश्रांती घ्यावी, याचे तक्तेच आखून दिलेले आहेत.

क्रिकेटमध्ये या प्रश्नावर आजवर स्थूलमानाने तीन मते झाली. पहिले जुने मत सांगते, बॉलर बॉलिंग करूनच घडतो. पाय जड होईपर्यंत टाका, अंग आपोआप तयार होईल. या मताच्या बाजूने कपिलदेव उभे आहेत. १३१ कसोटी खेळताना दुखापतीमुळे त्यांची एकही कसोटी हुकली नाही. दुसरे मत शैलीचे. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले की छाती समोर ठेवून टाकणारे किंवा खांदा फलंदाजाकडे करून टाकणारे तुलनेने सुरक्षित असतात. कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला नेणाऱ्या मिश्र शैलीत पाठ जास्त पिळते. तिसरे मत भाराचे. चेंडू मोजा, एकदम वाढवू नका, आणि एकदम तोडूही नका. महिनाभर बसलेल्या मुलाला एका दिवसात वीस षटके टाकायला लावणे हेच सर्वांत धोक्याचे. इंग्लंडच्या मंडळाने तेरा वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटकांची, पंधरा वर्षांखालील मुलाला ६ आणि १२ षटकांची मर्यादा घातली ती याच विचारातून.

तिन्ही मतांत तथ्य आहे आणि तिन्ही अपुरी आहेत. जसप्रीत बुमराहची शैली कोणत्याही पुस्तकात बसत नाही. तीच त्याची ताकद ठरली आणि तिचाच भार त्याच्या पाठीने वाहिला. २०१९मध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, २०२३मध्ये शस्त्रक्रिया, आणि दरवेळी पूर्वीइतक्याच धारेने पुनरागमन. शैली बदलावी की शैलीला पेलणारे शरीर घडवावे, हा वाद अजून मिटलेला नाही. या पुस्तकाचा कल तिसऱ्या मताकडे आहे, आणि त्याचे कारण वऱ्हाडाच्या परिस्थितीत आहे. शैली दुरुस्त करायला प्रयोगशाळा आणि कॅमेरे लागतात. चेंडू मोजायला एक वही पुरते.

या शरीरामागे घर असते. उमेश यादवचे वडील तिलक यादव उत्तर प्रदेशातून नागपूरजवळच्या वलनी कोळसा खाणीत कामाला आले. मुलाने पोलिसात किंवा सैन्यात जावे, एवढीच घराची अपेक्षा होती. उमेशने पोलिस भरती दिली आणि ती थोडक्यात हुकली. विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो टेनिस बॉलवरच खेळत होता. लेदर बॉल हातात आल्यावर विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी त्याच्यातला वेग ओळखला. २००८मध्ये रणजी पदार्पण, २०१०मध्ये एकदिवसीय, नोव्हेंबर २०११मध्ये कसोटी. विदर्भाकडून खेळून भारताची कसोटी टोपी मिळवणारा तो पहिला. २०१२च्या अखेरीस पाठ गेली आणि तो कित्येक महिने बाहेर राहिला. तो परतला, २०१५च्या विश्वचषकात १८ बळींसह भारताचा सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरला, आणि ५७ कसोटींत १७० बळींपर्यंत पोहोचला. फेब्रुवारी २०२३मध्ये वडील गेले. काही दिवसांतच तो इंदूरच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला आणि १२ धावांत ३ बळी घेतले.

त्याच्या कारकिर्दीतले दोन सामने या पुस्तकाच्या विषयाला फार जवळचे आहेत. ऑक्टोबर २०१८मध्ये हैदराबादच्या कसोटीत पालघरचा शार्दूल ठाकूर पदार्पण करत होता. अवघे १० चेंडू टाकल्यावर त्याच्या जांघेचा स्नायू दुखावला आणि तो बाहेर गेला. त्याच्या वाटचे काम उमेशने अंगावर घेतले आणि सामन्यात १० बळी घेतले. डिसेंबर २०२०मध्ये मेलबर्नला उमेशची पोटरी गेली. त्याच्या जागी टी. नटराजन संघात आला. पुढे ब्रिस्बेनला मोहम्मद सिराज, नवदीप सैनी, नटराजन आणि तोच शार्दूल, अशा नवख्या माऱ्याने ऐतिहासिक विजय मिळवून दिला. दहा चेंडूंवर थांबलेल्या शार्दूलने तिथे ७ बळी घेतले होते.

घराचा दुसरा नमुना श्रीरामपूरचा झहीर खान. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. मुंबईत सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबने आधार दिला, चेन्नईच्या फाउंडेशनने पैलू पाडले. पाय आणि स्नायू त्याला पुन्हा पुन्हा दगा देत राहिले. २००६मध्ये वूस्टरशायरकडून खेळताना त्याने धावत येण्याचे अंतर कमी केले आणि वेगाऐवजी कारागिरी पुढे आणली. त्यातूनच २०११च्या विश्वचषकातले २१ बळी आले. त्याच वर्षी जुलैत लॉर्ड्सवर १३.३ षटके टाकून मांडीमागच्या स्नायूने तो पुन्हा बाहेर गेला आणि ती मालिका भारताच्या हातून पार निसटली. ३११ कसोटी बळींची ही कारकीर्द म्हणजे दुखापतीशी केलेली दीर्घ वाटाघाटच होती.

वऱ्हाडातल्या घरांची घडण वेगळी, पण पेच तोच आहे. कापूस आणि सोयाबीनच्या भावावर घराचे वर्ष ठरते. स्पाइक्सचा चांगला जोड, लेदर बॉल, नागपूरला जाण्या-येण्याचे भाडे हा खर्च उत्पन्नाच्या मानाने मोठा. पोरगा उंच आणि दणकट असेल तर एकीकडे संघ, दुसरीकडे पोलिस भरतीचे मैदान त्याला ओढत असते. अशा घरातल्या मुलाला दुखणे लपवावेसे वाटते. पाठ दुखते म्हटले की टीममधून नाव कटते, ही भीती त्याला एमआरआयपेक्षा खरी वाटते. मुलींच्या बाबतीत तर खेळू देण्याचाच निर्णय घराला आधी घ्यावा लागतो. विदर्भाची डावखुरी मध्यमगती गोलंदाज कोमल झंझाड महिला प्रीमियर लीगपर्यंत पोहोचल्यावर हा निर्णय काही घरांना सोपा झाला असेल. पण मुलींच्या गोलंदाजीच्या भाराचा विचार अजून सुरू व्हायचा आहे.

हे सगळे आत्ताच का लिहायचे? कारण वाटा वाढल्या तसा भारही वाढला. एकाच आठवड्यात मुलगा शाळेकडून किंवा कॉलेजकडून खेळतो, क्लबकडून खेळतो, जिल्ह्याच्या निवडीला जातो आणि रविवारी बक्षिसाच्या टेनिस बॉल स्पर्धेत गावासाठी टाकतो. प्रत्येक संघाला फक्त आपली षटके माहीत असतात. चारही ठिकाणची बेरीज कुणाकडेच नसते. त्यात अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि परीक्षा संपताच शिबिरे भरतात ती नेमकी तेव्हा. पाणी कमी पडलेले, थकलेले शरीर आधी लय सोडते, मग शैली, आणि शेवटी हाड. काळ्या मातीचे मैदान उन्हात दगडासारखे टणक होते, त्यावर साध्या बुटांनी धावणाऱ्या पायाला प्रत्येक चेंडूचा जास्त मार बसतो. यातले काहीही दैवाने घडत नाही. हे सगळे दिसणारे, मोजता येणारे आणि म्हणूनच टाळता येणारे आहे.

म्हणून या पुस्तकाने नामवंतांच्या कारकिर्दी आणि जिल्ह्याच्या मैदानावरचे वास्तव एकमेकांशेजारी ठेवले आहे. वऱ्हाडाचा क्रिकेट इतिहास इथे आहे, शरीराचे शास्त्र आहे, आणि ज्यांची नावे कधी छापून आली नाहीत अशा घरांचा खर्च आणि काळजीही आहे. हे प्रशिक्षणाचे पुस्तक नाही. उपचार सुचवण्याचा अधिकार ते डॉक्टरांकडेच ठेवते. कुणा एका संस्थेवर बोट ठेवणेही त्याला करायचे नाही. पालक, शाळेतले क्रीडाशिक्षक, क्लबचे प्रशिक्षक आणि खुद्द खेळाडू यांना एकाच भाषेत बोलता यावे, एवढी भूमी तयार करणे हा त्याचा हेतू आहे. ज्याला क्रिकेटच ठाऊक नाही अशा आईलाही हे पुस्तक वाचून मुलाच्या प्रशिक्षकाला योग्य प्रश्न विचारता यायला हवा.

तो प्रश्न साधा आहे : या आठवड्यात याने एकूण किती चेंडू टाकले? अमरावती आणि अकोल्यातल्या प्रत्येक क्लबने याचे उत्तर लिहून ठेवायला सुरुवात केली, आणि वही मुलासोबत शाळेतून क्लबात, क्लबातून जिल्ह्याच्या संघात गेली, तर वऱ्हाडाला एकही जास्तीचा प्रतिभावान मुलगा शोधावा लागणार नाही. जे आहेत तेच टिकतील. उमेशला पाठ सावरून परतता आले, कारण तोवर तो भारताच्या संघात पोहोचला होता आणि त्याच्यामागे देशातली सर्वोत्तम यंत्रणा उभी होती. सतराव्या वर्षी जिल्हा पातळीवर ज्याची पाठ जाते, त्याच्यामागे फक्त त्याचे घर असते. त्या घराला या पुस्तकातून थोडे बळ मिळाले, तरी ते लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.